सुतळीची शेंडी

तो चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत वाईट पुष्कळ पाहिलं आणि त्यातलं बरंचसं निवृत्तीच्या केकबरोबर पचवून टाकलं. ही केस मात्र पचली नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून याच गावात राहतात, आणि किराणा घ्यायला आम्ही सगळे एकाच दुकानात जातो.

मी ओहायोत, कोलंबसजवळच्या एका उपनगरात डिटेक्टिव्ह होतो. शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर नाशिकहून इकडे आलो. वडील डॉक्टर, त्यामुळे मीही डॉक्टर होणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, फक्त मला विचारायचं राहिलं. मराठी मंडळात अजूनही कोणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतं, "पण पोलिसात का रे? इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली नाही का?" मी हल्ली उत्तर देत नाही, आणखी एक पुरणपोळी वाढून घेतो.

आमचं ठाणं म्हणजे एखाद्या बँकेसारखं चकचकीत. सकाळी हजेरी, कॉफी, रात्रपाळीचा अहवाल, आणि मग सायकल चोरीला गेली, कोणीतरी टपालपेटी फोडली असल्या तक्रारी. २००७च्या गणपतीच्या दिवसांत एका सकाळी प्राथमिक शाळेतून फोन आला. तिसरीतली एक भारतीय मुलगी घरी जायला तयार नव्हती. आदल्या दुपारी तिला बसमध्ये अक्षरशः उचलून बसवावं लागलं होतं. का जायचं नाही, असं विचारलं तर ती इंग्रजीत एकच गोष्ट सांगत होती. आईचा अर्धा चेहरा माझ्याकडे बघत नाही.

माझा जोडीदार सहा फुटी गोरा, मक्याच्या शेतात वाढलेला, सरळ मनाचा माणूस. त्याला घेऊन मी त्या घरी गेलो. दार चाळिशीच्या आतबाहेरच्या एका बाईने उघडलं. मी मराठीत नमस्कार केला तशी ती हसली. म्हणजे उजवीकडून हसली. डावी बाजू जिथल्या तिथे राहिली, जणू तिला कोणी आल्याचं कळलंच नव्हतं.

मी बोलत असताना तिचा उजवा डोळा मिटे आणि उघडे. डावा उघडाच राही आणि त्यातून सारखं पाणी गळे. ती रडत नव्हती. रडणाऱ्या बाईशी कसं बोलायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. न रडता गळणाऱ्या डोळ्याशी कसं बोलायचं ते कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी बराच वेळ तिच्या हाताकडे बघत बोललो.

डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत बारीक लालसर वळ होते. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, पट्टीने आखल्यासारखे. जोडीदाराने ते पाहिले आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला. शेगडीवर पापड भाजायची तारेची जाळी होती. त्याने तिचे फोटो काढले, हातमोजे घालून ती पिशवीत भरली आणि माझ्याकडे असं बघितलं की बोलायची गरज उरली नाही.

मी मात्र ओट्याच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे स्टीलच्या ताटात ओटी ठेवलेली होती. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. नारळावरचं कुंकू अजून ताजं दिसत होतं. जोडीदाराच्या लेखी तो बाजारहाट होता. मला दिसत होतं की एक-दोन दिवसांत या बाईला कोणीतरी वडीलधाऱ्या बाईने पाटावर बसवून, ओटी भरून, लाडाने घरी पाठवलंय. आणि ही तर म्हणत होती की आठवडाभर मी घराबाहेरच पडले नाही.

"ओटी कोणी भरली तुमची?" मी विचारलं.

तिचा उजवा गाल आणि उजवी भुवई एकदम दचकली. डावी बाजू शांत होती. आयुष्यात मी हजारभर माणसांना प्रश्न विचारले असतील, पण अर्ध्या चेहऱ्याने खोटं उघडं पाडणारं आणि अर्ध्याने काहीच कळू न देणारं माणूस तेवढं एकच पाहिलं. ती म्हणाली, "जुनी आहे ती, दादा." मी ताटासकट ओटी ताब्यात घेतली.

नवरा ऑफिसमधून धावत आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. ठाण्यावर आम्ही त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, वकील हवा का विचारलं. तो नको म्हणाला. आपली माणसं हमखास ही चूक करतात. निर्दोष आहोत तर वकील कशाला, असं त्यांना वाटतं.

"मी तिला कधी हात लावलेला नाही, ऑफिसर. नेव्हर." मग त्याने डोकं धरलं आणि मराठीत पुटपुटला, "पण झालंय ते माझ्यामुळेच."

ते वाक्य खोलीत फक्त मला कळलं. टेप चालू होती आणि भाषांतर मलाच करायचं होतं. मी केलं, जसंच्या तसं. सरकारी वकीलबाईंनी ते वाचलं, जाळीचे आणि वळांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, आता आणखी काय हवंय तुम्हाला?

इथे अशा प्रकरणात बायकोने तक्रार केली नाही तरी संशय पक्का असेल तर अटक होते. त्याला जामीन मिळाला, पण घराजवळ फिरकायचं नाही असा हुकूम झाला. तो हायवेलगतच्या मोटेलात राहायला गेला. कंपनीने सुनावणी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. तो व्हिसावर होता. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. त्यात आरोप पुढे सरकला की नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा, आणि पुढे घर, मुलीची शाळा, सगळंच. हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. तरी ती तोंड उघडत नव्हती.

तिला ठाण्यावर बोलावलं. सोबत आमची एक महिला अधिकारी बसवली.

"त्याने काही केलं नाही, दादा."

"मग कोणी केलं?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ताई, तुमच्या नवऱ्याला देश सोडावा लागेल. मुलगी मला विचारते, डॅडी कधी येणार. मी काय सांगू तिला?"

तिने ओढणीने डावा डोळा टिपला. मग म्हणाली, "रविवारपर्यंत थांबा. रविवारनंतर सगळं सारखं होईल."

"सारखं म्हणजे?"

ती नुसती मान हलवत राहिली. मी वहीत 'रविवार' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

मारणारे नवरे मी पाहिलेत. ते खुर्चीत रेलून बसतात, बायको किती विसराळू आहे, कशी धडपडते ते सांगतात, आणि बोलताना तुमच्याशी दोस्ती करायला बघतात. हा माणूस खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि तिच्या डोळ्यात थेंब कोण घालतंय एवढंच परत परत विचारत होता. मी मोटेलवर जाऊन त्याला म्हटलं, तुमच्यामुळे झालं म्हणजे नेमकं काय, ते नीट सांगा. मग त्याने सांगितलं. एका मित्राच्या पार्टीत कोणी नवख्या बाईने हिला विचारलं, हा तुझा धाकटा भाऊ का? सगळे हसले. हाही हसला आणि म्हणाला, "हो ना यार, ताईच आहे माझी." गाडीत बसल्या बसल्या तिने आरसा खाली ओढला. त्या दिवसापासून आरशासमोर बसून दोन बोटांनी गाल कानाकडे ओढून बघायला लागली. तासन्‌तास.

आमच्या गावात एक निवृत्त मराठी न्यूरॉलॉजिस्ट राहतात. त्यांना मी डॉक्टरकाका म्हणतो. नाव झाकून फोटो त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा काढला, भिंग घेतलं, आणि एकेक वळ तपासला.

"हा चटका नाही," ते म्हणाले. "चटक्यात आधी वरची कातडी जळते. इथे उलटं आहे. भाजलंय ते आत, आणि वर यायला त्याला एखाद-दुसरा दिवस लागलाय. हे आतून बाहेर आलंय."

"आतून कसं भाजेल, काका?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटता येतात, उन्हात भिंग धरून कागद जाळतो तशा. वरची कातडी शाबूत राहते आणि आतला थर जागोजागी तापून आकसतो. लोंबलेला गाल बिनशस्त्रक्रियेचा वर ओढला जाईल या आशेने तेव्हा त्यावर प्रयोग चालू होते. बाजारात त्याला परवानगी नव्हती. "आणि कानाच्या पुढेच चेहऱ्याची नस बाहेर येते. खोली चुकली की नस शेकली. एकदाच शेकली असेल तर महिन्यांनी जागी होते, पुन्हा शेकली तर गेलीच म्हणून समज. पण असलं यंत्र गावात कोणाकडे असणार?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ओटीचा फोटो मी बायकोपुढे ठेवला. वरिष्ठांची परवानगी घेतली होती. कागदोपत्री तिला 'सांस्कृतिक सल्लागार' केलं होतं, आणि त्याची फी ती अजून मागते.

"खणावरून काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "एकच खण अख्ख्या ओहायोत फिरत असतो. मी दिलेला मलाच दोनदा परत आलाय." मग तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. "पण नारळ बघ. शेंडी आहे याला."

मला त्यात काही वावगं दिसेना. तिने कपाळावर हात मारला. "इथल्या दुकानात शेंडीचा नारळ कधी पाहिलायस? सगळे तासून गुळगुळीत केलेले असतात. आम्ही तसाच ठेवतो ओटीत, नाहीतर संत्रं ठेवतो. ही शेंडी सुतळीची आहे. सुतळी उसवून गोंदाने चिकटवलीय. एवढं शास्त्र एकाच घरी पाळतात."

"कोणाच्या?"

"मावशींच्या," ती म्हणाली आणि फोटो खाली ठेवला. "त्या कशाला कोणाला काही करतील?"

मावशी म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यांच्याच मावशी. पासष्टीच्या, विधवा, कधीकाळी पुण्यात ब्यूटी पार्लर चालवलेल्या. कोलंबसजवळच्याच डब्लिन गावाच्या बाजूला मुलाच्या भल्या मोठ्या घरात राहायच्या. मुलगा कामासाठी सोमवारी विमानात बसायचा तो शुक्रवारी उतरायचा. माहेर सातासमुद्रापलीकडे असलेल्या पोरींना मावशी एकेकटीला बोलवायच्या. डोक्याला तेल, गरम पाण्याने न्हाणं, साधं वरण-भात, दुपारची झोप, आणि निघताना ओटी. पैशाची गोष्ट नाही. 'माहेरपण' म्हणायच्या त्याला. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस मला गावात भेटलं नव्हतं.

आमच्याकडे गौरी तिथीपेक्षा वीकेंड बघून येतात. शनिवारी मावशींकडे सगळ्यांना दर्शनाचं आमंत्रण होतं, दरवर्षीप्रमाणे मलाही. मी बायकोबरोबर गेलो. दुपारचं लख्ख ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, गॅरेजमध्ये चपलांचा ढीग. आत पैठण्या आणि गप्पांचा गलका. मी एका कोपऱ्यात उभा राहून कॉफी प्यायलो. पोलिसाला पार्टीत कोणी फारसं छेडत नाही, हा एक फायदा.

समोर सोफ्यावर चारपाच जणी बसल्या होत्या. कोणीतरी विनोद केला आणि सगळ्या हसल्या. त्यातल्या एकीची टिकली सरकली.

मला वाटलं, भास. मी नजर तिथेच ठेवली. ती पुन्हा हसली आणि कपाळाच्या मधोमध असलेली टिकली हळूच उजवीकडे गेली, हसणं संपल्यावर परत मध्ये आली. तिच्या कपाळाला उजव्याच अंगाला आठ्या पडत होत्या. डावं अंग सपाट होतं. मग मी बाकीच्यांकडे बघायला लागलो. आणखी एकीची टिकली तशीच सरकत होती. दोघी मजेत होत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं, किंवा ठाऊक असून त्या हसत होत्या. खोलीत एवढी माणसं, एवढा प्रकाश, आणि दुसऱ्या कोणाच्याच ते लक्षात येत नव्हतं.

"आलात का? बरं झालं." उजवीकडून मावशींचा आवाज आला. मी वळलो. चाळिशीची वाटावी अशी तुकतुकीत कातडी, ताठ गाल. प्रसादाची वाटी घ्यायला त्यांनी मान फिरवली आणि डावी बाजू समोर आली, तर तिथे पासष्टीची बाई होती. क्षणभर मला दुसरीच कोणी मध्ये आली असं वाटलं. दरवर्षी भेटतो आम्ही, आणि दरवर्षी त्या मला उजव्या बाजूनेच भेटत आल्या होत्या, हे मला तेव्हा उमगलं.

मी गौरींपुढे गेलो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, शाडूचे सुरेख मुखवटे, नथी, मोत्यांची कुडी. हळदीकुंकू वाहायला वाकलो. कनिष्ठेच्या डाव्या कुडीखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. खोडरबराने पुसलेल्या, पण शाडूत उतरलेलं सगळं जात नाही. कानाखालून हनुवटीपर्यंत, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. गेले चार दिवस मी दुसरं काही पाहत नव्हतो, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. देवीच्या गालावर त्यांनी हात बसवला होता.

चिमटीतलं कुंकू चिमटीतच राहिलं. मावशी मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुमचा डावा गाल उतरलाय हो. झोप होत नाही वाटतं. या एकदा. जेवायलाच या."

सगळ्यांसारखा मीही गौरींचा जवळून फोटो काढला आणि प्रसाद खाल्ला. गौरीच्या घरून तोंड गोड न करता उठता येत नाही. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "तू काय पाहिलंस ते मला सांगू नकोस." ती मला ओळखते.

झडतीचं वॉरंट घ्यायचं तर न्यायाधीशाला गौर म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. मी लिहिलं, देवीची मूर्ती, वर्षातून एकदा माहेरी येते. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग बाईच्या गालाच्या आणि मुखवट्याच्या फोटोंतल्या रेघांचं अंतर मोजलेला तज्ज्ञाचा कागद पाहिला आणि रविवारी सकाळी सही केली. मी सहीची वाट बघत होतो आणि डोक्यात एकच शब्द फिरत होता. रविवार.

मावशींच्या दारात त्या बाईची गाडी उभी होती.

दार मुलाने उघडलं, खाली माहेरपण चाललंय म्हणाला. आम्ही जिना उतरून तळघरात गेलो. खोबरेल तेलाचा आणि धुपाचा वास येत होता. भिंतीकडेच्या फळीवर मुखवट्यांचे रिकामे खोके. जमिनीवर गादी, गोधडी. ती बाई मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. उजव्या गालावर पांढऱ्या पेन्सिलीच्या रेघा काढून झाल्या होत्या, वर चकाकणारं जेल. शेजारी सुटकेसएवढं यंत्र गुणगुणत होतं आणि त्याची दांडी मावशींच्या हातात होती, गालापासून बोटभर वर. उजवा डोळा मिटलेला होता. डाव्या डोळ्याने ती छताकडे बघत होती, किंवा माझ्याकडे, ते कळत नव्हतं.

"मावशी, हात खाली घ्या," मी म्हटलं.

"एवढी बाजू होऊ दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग न्या मला कुठे न्यायचं ते."

जोडीदाराचा हात कमरेवर गेला होता. मी त्याला नको अशी खूण केली. आणि तेवढ्यात ती बाई बोलली, न उठता, अर्ध्या ओठांनी.

"होऊ द्या ना, दादा. नाहीतर मी अशी अर्धीच राहीन."

त्या वाक्याने मी खरा घाबरलो. पुढे होऊन मी प्लग उपटला. गुणगुण थांबली, आणि मावशींनी दांडी अलगद खाली ठेवून तिच्या केसांतून हात फिरवायला सुरुवात केली. तो हात आम्हाला बाजूला करावा लागला.

चौकशीत मावशी एकाही प्रश्नाला अडखळल्या नाहीत. यंत्र परदेशातून एका ओळखीच्या माणसाने 'ट्रायल'साठी आणून दिलं होतं. आधी मुखवट्यांवर हात बसवला, मग स्वतःच्या उजव्या गालावर, मग पोरींवर. सगळ्यांची आधी डावी बाजू.

"तिचा डोळा मिटत नाही हे दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं ना. म्हणून तर दुसरी बाजू करायची होती. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की कळत नाही."

"दोन्ही डोळे मिटले नसते, मावशी."

मी विचारलं, "पण एका वेळी एकच बाजू का करायची? आणि तुमची स्वतःची दुसरी का नाही केली?"

"माझी कोण करणार?" त्या म्हणाल्या. "आणि पोरींचं म्हणाल तर, पूर्ण केलं असतं तर परत कशाला आल्या असत्या? येतात, जेवतात, मांडीवर झोपतात. एक बाजू राहिली की पुन्हा येतातच. मुलगा शुक्रवारी रात्री येतो हो. आठवडाभर त्या घरात माझाच आवाज ऐकते मी."

हे ऐकताना मला त्यांची दया आली, हे मी लपवत नाही. पण एका निरपराध माणसाला देशाबाहेर काढायची वेळ आली होती आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या बाईने सकाळी आल्या आल्या त्यांना सगळं सांगितलं होतं. तरी त्यांनी यंत्राचं बटण दाबलं होतं. दया आली आणि मी कागदावर सगळं लिहून घेतलं.

ती बाई मग बोलली. तिची आई आदल्या वर्षी गेली. व्हिसाचं काम अडकलेलं, त्यामुळे ती जाऊ शकली नव्हती. "आईनंतर पहिल्यांदा कोणी माझी ओटी भरली, दादा. जिने ओटी भरली तिला पोलिसात कशी देऊ? आणि रविवारी दुसरी बाजू झाली की चेहरा सारखा होईल, मग कोणाला काही कळणार नाही, हा पण सुटेल, असं मला वाटत होतं." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू? थोडं असंही वाटत होतं की भोगू दे याला दोन दिवस. हसला होता तो."

नवऱ्यावरचा खटला मागे घेतला गेला. जाळी मी स्वतः नेऊन दिली. ठाण्याच्या दारात दोघं समोरासमोर आले तेव्हा त्याला काय करावं सुचेना. मुलगी मध्ये उभी होती. शेवटी तो तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तसाच, त्या बाजूने, गाडीपर्यंत चालत गेला. बाकीच्या दोघींनी जबाब दिला, मात्र नाव गुप्त ठेवायच्या अटीवर. मावशींनी गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. मंडळातल्या अर्ध्या लोकांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या लेखी घात मीच केला होता.

पुढच्या वसंतात ती बाई एकटीच ठाण्यावर आली. केस संपली की जप्त केलेल्या वस्तू मालकाला परत देतात, नाहीतर नष्ट करतात. तसं पत्र तिला गेलं होतं. डॉक्टरकाका म्हणाले होते तसं, एकदाच शेकलेली नस महिन्यांनी जागी होत होती. भुवई हलत होती, ओठ जवळजवळ सरळ झाला होता. मी सीलबंद पिशवी काउंटरवर ठेवली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सुतळीची शेंडी लावलेला नारळ. आतलं खोबरं सुटून खुळखुळत होतं.

"टाकून देऊ का आम्हीच?" मी विचारलं. "तुम्हाला हे घरात कशाला?"

"शिक्षा झाली ना त्यांना?"

"झाली."

"व्हायलाच हवी होती," ती म्हणाली. "माझी पोर मला घाबरत होती." मग तिने ओढणीचा पदर पुढे पसरला आणि थांबली. मला समजायला वेळ लागला. काउंटरच्या पलीकडून मी पिशवी फोडली आणि त्या पदरात नारळ ठेवला, तांदूळ ओतले. ओटी पुरुषाने भरायची नसते, पण आसपास दुसरं कोणी नव्हतं.

आम्हाला शिकवतात की इजा झाली तर आधी राग कुठे होता ते शोधा. मीही आयुष्यभर नवख्या अधिकाऱ्यांना तेच शिकवत आलो होतो. या केसनंतर मी त्यात एक भर घातली. लाड कुठे झाले, तेही विचारा. नवे अधिकारी हसायचे, मी हसू द्यायचो.

ती पदर सावरून दारापर्यंत गेली आणि वळून मला नमस्कार केला. डोळ्यांत पाणी होतं. या वेळी ते दोन्ही डोळ्यांत होतं, आणि तिने दोन्ही डोळे मिटले.